नौशाद अली मार्गाला जायचंय

वांद्रे स्टेशनाबाहेर रिक्षात बसावं आणि ‘संगीतसम्राट नौशाद अली मार्गाला घ्या’ असं सांगून पाहावं. मीटर टाकायच्या आधी रिक्षावाला आरशातून एकदा प्रवाशाकडे बघतो. ‘कार्टर रोड’ म्हटलं की मात्र रिक्षा सुरू. मुंबईत रिक्षा जिथून चालू होते तिथूनच उपनगर चालू होतं, हा जुना हिशोब. म्हणजे उपनगर जिल्ह्याच्या अगदी उंबरठ्यावर, समुद्राला लागून, एका मोठ्या संगीतकाराच्या नावाचा रस्ता आहे आणि ते नाव पाटीवरच राहिलं आहे.

नौशाद लखनौहून आले तेव्हा या शहरात त्यांना डोकं टेकायला जागा नव्हती. दादरच्या ब्रॉडवे थिएटरसमोरच्या फुटपाथवर काढलेल्या रात्रींची आठवण ते पुढे नेहमी सांगत. १९५२ साली त्यांचं संगीत असलेला ‘बैजू बावरा’ लागला तो त्याच ब्रॉडवेला. फुटपाथवरून समोरच्या थिएटरात पोहोचायला कितीतरी वर्षं लागली, असं ते म्हणत. कार्टर रोडवर त्यांचं ‘आशियाना’ हे घर होतं. १९८१ साली दादासाहेब फाळके पुरस्कार, १९९२ साली पद्मभूषण, २००६ साली मृत्यू आणि त्यानंतर हा रस्ता. सरकारदरबारी सन्मानाची जी चढती शिडी असते, ती नौशाद बरीच वरपर्यंत चढले. कार्टरसाहेब कोण होते, हे त्या रस्त्यावर रोज संध्याकाळी फिरायला येणाऱ्यांपैकी फारसं कुणाला सांगता यायचं नाही. तरीही जिभेवर कार्टरच टिकले.

शहरातही हीच गत. क्रॉफर्ड मार्केटपासून भायखळ्याकडे जाणारा लांबलचक उड्डाणपूल २००२ साली खुला झाला. त्याचं अधिकृत नाव ‘कुत्ब-ए-कोकण मखदूम अली माहिमी उड्डाणपूल’. रेडिओवरचे वाहतुकीचे निवेदक त्याला ‘जे. जे. फ्लायओव्हर’ म्हणतात, टॅक्सीवालेही तेच, आणि खाली मोहम्मद अली रोडवर राहणारेही तेच. कोकणचे कुत्ब, म्हणजे ज्यांच्याभोवती कोकण फिरतं असे संत, त्यांचं नाव अडीचेक किलोमीटर लांबीच्या काँक्रीटला दिलं आणि लोकांनी ते दोन इंग्रजी आद्याक्षरांत गुंडाळलं.

यात कुणाचा दोष काढायचा? रस्त्याला नाव देण्याची पद्धतच अशी आहे, की त्यात नाव घेणाऱ्याला फारसं स्थान नाही. नगरसेवक प्रस्ताव मांडतो, तो प्रभाग समितीतून स्थापत्य समितीकडे जातो. उपनगरांसाठी ही समिती वेगळी, ‘स्थापत्य समिती (उपनगरे)’. मग मंजुरी, मग निळी पाटी, मग नारळ आणि फोटो. पाटीखाली नौशाद कोण, हे सांगणारी दोन ओळींची माहितीही बहुधा नसते. नावामागचा माणूस माहीत नसेल तर नाव नुसता आवाज उरतो, आणि मुंबईकर लांब आवाजाची आद्याक्षरं करून मोकळा होतो.

नाव देण्यावरून भांडण झालं तर मात्र तेच नाव सगळ्या शहराच्या तोंडी जातं. २०२२ च्या प्रजासत्ताकदिनी मालाडच्या मालवणीत एका क्रीडांगणाच्या उद्घाटनावरून रस्त्यावर आंदोलनं झाली, कारण त्यावरचं नाव टिपू सुलतानचं होतं. वर्षभराने, सरकार बदलल्यावर, ते नाव काढण्याचे आदेश निघाले. त्या मैदानावर मुलं आधीही खेळत होती आणि नंतरही खेळत राहिली. पण त्या वर्षात मुंबईकरांना मुसलमान नावाच्या पाट्यांविषयी जे काही ऐकायला मिळालं, ते बहुतेक अठराव्या शतकातल्या म्हैसूरच्या एका राजाविषयी होतं. मालाडमध्येच वाढलेल्या किंवा घडलेल्या माणसांविषयी त्यात अक्षर नव्हतं.

आणि मालाडला अशा माणसांची कमतरता नाही. १९३४ साली हिमांशु राय आणि देविकाराणी यांनी तिथे बॉम्बे टॉकीज उभी केली. देवळालीच्या शाळेत शिकलेला, पुण्यात लष्कराच्या कँटीनमध्ये सँडविच विकून आलेला युसुफ खान १९४२ च्या सुमारास याच स्टुडिओत नोकरीला लागला आणि देविकाराणींच्या सल्ल्याने दिलीपकुमार झाला. त्याच सुमारास मुमताज जहान नावाची एक लहान मुलगी तिथल्या ‘बसंत’ चित्रपटात झळकली. तिचं कुटुंब स्टुडिओच्या जवळपासच राहत होतं. पुढे ती मधुबाला झाली. ख्वाजा अहमद अब्बास पत्रकारिता सांभाळून याच स्टुडिओच्या प्रसिद्धीचं काम बघत. गोव्याच्या मुक्तिलढ्यावरचा ‘सात हिंदुस्तानी’ त्यांनीच केला, १९६९ साली, आणि त्यात अमिताभ बच्चन नावाच्या उंच पोराला पहिलं काम दिलं. त्याच वर्षी अब्बास पद्मश्री झाले.

दिलीपकुमार, मधुबाला आणि अब्बास शेवटी एकाच ठिकाणी आले. सांताक्रूझ पश्चिमेला, जुहूच्या कबरस्तानात.

मोहम्मद रफी गेले ३१ जुलै १९८० रोजी. दुसऱ्या दिवशी शुक्रवार, रमजानचा महिना आणि वरून धो धो पाऊस. त्या पावसात वांद्र्यापासून जुहूपर्यंत लोटलेली गर्दी पाहिलेली माणसं आजही तिचा हवाला देतात. १९६७ साली पद्मश्री, १९७७ साली राष्ट्रीय पुरस्कार, वांद्र्यात त्यांच्या नावाचा चौक, २००३ साली टपाल तिकीट. मराठी माणसाने त्यांना आपलं म्हणायला आणखी एक कारण आहे. श्रीकांत ठाकरे यांनी रफींकडून मराठी गाणी गाऊन घेतली, आणि ती गाजली. मराठी उच्चार नीट यावेत म्हणून रफींनी घेतलेल्या मेहनतीच्या गोष्टी जुन्या संगीतप्रेमींच्या बैठकीत अजून निघतात. बाळासाहेबांचे सख्खे भाऊ संगीतकार आणि रफी गायक, ही जोडी आजच्या टीव्हीवरच्या चर्चेत बसवून दाखवणं अवघड आहे.

रफींच्या आसपासच मधुबाला होती. साहिर लुधियानवी होते, तेही १९८० सालीच, रफींनंतर तीन महिन्यांनी गेले. पुढे अब्बास आले, तलत महमूद आले, मजरूह सुलतानपुरी आले. फाळके पुरस्कार मिळालेले मजरूह हे पहिले गीतकार. ज्ञानपीठविजेते अली सरदार जाफरी आले, नौशाद आले. हिंदी सिनेमाचं अर्धं गाणं एका कुंपणाच्या आत झोपलेलं होतं.

मग २०१० साली यांतल्या बऱ्याच कबरींवरचं संगमरवरी बांधकाम काढण्यात आलं. बाहेरच्या माणसाला हे ऐकून धक्का बसतो. आतलं कारण मात्र साधं आहे. मुंबईत जिवंत माणसाला जागा नाही तिथे मेलेल्याला कुठून असणार? कबरस्तानांत जुन्या कबरींच्या जागी नवं दफन करावंच लागतं. शिवाय कबर कच्ची असावी, तिच्यावर पक्कं बांधकाम नसावं, असं मानणारा मोठा वर्ग मुसलमानांत आहे. बादशहाला एक न्याय आणि भिश्त्याला दुसरा, असं मातीखाली चालत नाही, ही त्यामागची भावना. त्यामुळे ‘मधुबालाची कबर पाडली’ अशा मथळ्यांमध्ये जेवढी खळबळ होती, तेवढी कबरस्तानाच्या आत नव्हती.

आज तिथे रफींना शोधत येणाऱ्या चाहत्याला एक नारळाचं झाड दाखवतात. त्या झाडाजवळ, साधारण इथे. मधुबालाची जागा तर अंदाजानेच. दिल्लीच्या टपाल खात्याकडे २००८ साली निघालेलं मधुबालाचं तिकीट आहे, चेहरा, नाव, किंमत सगळं स्पष्ट छापलेलं. २०१३ साली भारतीय सिनेमाच्या शताब्दीनिमित्त निघालेल्या पन्नास तिकिटांत नौशाद आणि मजरूह आहेत. एका बाजूला सरकार माणसाला कागदावर पक्कं करत असतं आणि दुसऱ्या बाजूला त्याचीच माणसं त्याला मातीत विरघळू देतात. दोघांनाही हा सन्मानच वाटतो. याच मातीत ७ जुलै २०२१ रोजी दिलीपकुमारांचं दफन झालं ते तिरंग्यात लपेटून आणि पोलिसांच्या मानवंदनेसह. मालाडला पगारावर लागलेला पोरगा जुहूला शासकीय इतमामात पोहोचला. मधल्या काळात १९८० साली तो या शहराचा शेरीफही झाला होता.

पोलिसांचा विषय निघालाच आहे तर खाडी ओलांडून पलीकडे जायला हरकत नाही. माहीम कागदोपत्री शहर जिल्ह्यात मोडतं, पण वांद्र्याहून पुलावर चढलं की दर्ग्याचा घुमट दिसतोच. हा दर्गा त्याच मखदूम अली माहिमींचा, ज्यांच्या पुलाला लोक जे. जे. म्हणतात. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि पंधराव्याच्या सुरुवातीला होऊन गेलेले हे कोकणी नवायत घराण्यातले विद्वान. नवायत म्हणजे अरबस्तानातून येऊन कोकण किनाऱ्यावर मुरलेली मंडळी. त्यांनी अरबीत कुराणावर भाष्य लिहिलं, आणि भारतात लिहिल्या गेलेल्या जुन्या भाष्यांत त्याची गणना होते.

दर डिसेंबरात माहीमचा उरूस भरतो. दहा दिवस पाळणे, हलवा-पराठा, खेळणी, रोषणाई. पण त्याची सुरुवात करायचा मान आहे मुंबई पोलिसांचा. माहीम पोलीस ठाण्यातून संदल निघतो, पुढे पोलिसांचा बँड, मागे वर्दीतले अधिकारी, डोक्यावर चादरीचं तबक. वरिष्ठ निरीक्षकाचं आडनाव काय, हे त्या दिवशी कुणी विचारत नाही. ते बहुतेक वेळा मराठीच असतं. बाबांची बसायची जागा आज जिथे ठाणं आहे तिथेच होती, अशी श्रद्धा आहे. म्हणून पोलीस बाबांना आपले मानतात. ब्रिटिश अमदानीपासून चालत आलेल्या या रिवाजात कुठल्याही सरकारने हात घातलेला नाही. धर्मनिरपेक्ष राज्याचं पोलीस खातं एका दर्ग्यावर चादर घेऊन कसं जातं, असा कायद्याचा कीस कुणी काढू शकेल. माहीमकरांना तो सुचत नाही. उड्डाणपुलाच्या पाटीवर जे नाव टिकलं नाही, ते बँडच्या मागून वर्षातून एकदा रस्ताभर चालत जातं, आणि त्या दिवशी ते कुणी विसरत नाही.

पुन्हा उपनगरात यावं, जोगेश्वरीला. पूर्वेच्या टेकडीवर दगडी इमारतींचं इस्माईल युसुफ महाविद्यालय आहे. विद्यार्थी त्याला ‘आय. वाय.’ म्हणतात, म्हणजे इथेही आद्याक्षरंच. पण इथली गोष्ट रस्त्याच्या पाटीपेक्षा वेगळी आहे. जहाज-व्यवसायातल्या मोठ्या घराण्यातले सर महंमद युसुफ यांनी वडील हाजी इस्माईल युसुफ यांच्या स्मरणार्थ १९१४ साली सरकारला आठ लाख रुपये दिले. मुसलमान मुलांना उच्च शिक्षण मिळावं हा हेतू. त्या काळचे आठ लाख. सरकारने त्यातून कॉलेज उभं करायला १९३० साल उजाडलं. सरकारी कामाचा वेग तेव्हाही आपल्या ओळखीचाच होता. याच घराण्याची दुसरी देणगी खाडीपलीकडे न्हाव्याला आहे. तिथल्या ‘ट्रेनिंग शिप रेहमान’मधून आजही पोरं दर्यावर्दी होऊन बाहेर पडतात.

आय. वाय. पहिल्यापासून सरकारी. दार सगळ्यांना उघडं. अंधेरी, गोरेगाव, मालाड तेव्हा गावंच होती, आणि पार्ल्यापलीकडच्या मुलाला लोकलने चर्चगेट गाठून शिकण्यापेक्षा ही टेकडी सोयीची. उर्दूचे नामवंत अभ्यासक नजीब अश्रफ नदवी इथे शिकवत. चिपळूणजवळच्या मिरजोळीचा एक मुलगा मॅट्रिक होऊन मुंबईत आला आणि काही काळ इथे शिकला. त्याचं नाव हमीद दलवाई. १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुसलमान बायकांना घेऊन मुंबईच्या विधानभवनावर जबानी तलाकविरोधी मोर्चा नेणारा हा माणूस. १९७० साली त्याने मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं आणि १९७७ साली अवघ्या चव्वेचाळिसाव्या वर्षी तो गेला. त्याला हयातीत ना पद्म मिळालं ना चादर. स्वतःच्या समाजातूनही बहुतेक शिव्याच मिळाल्या. बावीस ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने तिहेरी तलाक रद्द ठरवला, तेव्हा मराठी वर्तमानपत्रांत त्या सात बायका पुन्हा एकदा पहिल्या पानावर आल्या.

कादर खानही याच कॉलेजचे. इथून पुढे ते भायखळ्याच्या साबू सिद्दिक कॉलेजात स्थापत्य अभियांत्रिकी शिकवू लागले, आणि तिथल्या नाटकांतून सिनेमात गेले. अमिताभच्या तोंडी जे संवाद महाराष्ट्रातल्या प्रत्येक पानाच्या गादीवर म्हटले गेले, त्यांतले कितीतरी या मास्तरांचे. ३१ डिसेंबर २०१८ रोजी कॅनडात त्यांचं निधन झालं. महिनाही उलटला नाही तोच, २०१९ च्या प्रजासत्ताकदिनी, मरणोत्तर पद्मश्री. काम बंद करून वर्षं झाली होती. पुरस्कार थोडा आधी निघाला असता तर घ्यायला माणूस होता.

आय. वाय.च्या जमिनीवरून अधूनमधून वाद होतात. तिथे आणखी काही सरकारी प्रकल्प आणायचं निघालं की मुसलमान संघटना १९१४ च्या देणगीची आठवण करून देतात. पैसे कशासाठी दिले होते, ते विसरू नका, एवढंच त्यांचं म्हणणं. विद्यार्थ्यांना बहुधा यातलं काही माहीत नसतं. फी परवडते, स्टेशन जवळ आहे आणि झाडं भरपूर आहेत, म्हणून ते येतात. सर महंमद युसुफ यांना याहून वेगळं काही हवं असेल, असं वाटत नाही.

थोडं दक्षिणेला, कलिन्याला मुंबई विद्यापीठात एक अध्यासन आहे. शाहीर अमर शेख अध्यासन. बार्शीला १९१६ साली जन्मलेला मेहबूब पटेल हा गिरणी कामगारांच्या सभा गाजवत अमर शेख झाला. अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गव्हाणकर यांच्याबरोबर त्याने लाल बावटा कलापथक काढलं. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्याचा पहाडी आवाज मैदान धरून ठेवायचा, लाऊडस्पीकर असो वा नसो. मुंबई महाराष्ट्रात असावी म्हणून जे लढले, त्यांत हा शेख पहिल्या फळीतला. मराठी अस्मितेच्या भाषणांत त्याचं नाव आता क्वचित येतं. विद्यापीठात मात्र ते नाव रोजच्या कामात आहे. तिथे लोककलेची पोरं ढोलकी, पोवाडा, भारूड शिकतात, आणि पोवाडा शिकताना शेख टाळून पुढे जाता येत नाही.

उरला एक पक्षीवेडा. सालिम अली पाली हिलला राहत. म्हणजे आपण पुन्हा नौशादांच्या शेजारात आलो. लहानपणी छर्‍याच्या बंदुकीने पाडलेली पिवळ्या कंठाची चिमणी घेऊन हा पोरगा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलर्डसाहेबांकडे गेला, आणि त्यांनी कपाटं उघडून पेंढा भरलेले पक्षी दाखवले. त्यातून पुढचं सगळं घडलं. नोकरी नव्हती तेव्हा १९३० साली अलिबागजवळ किहीमला राहून त्यांनी सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास केला. नर अर्धवट घरटं बांधतो, मादी येऊन तपासते, पसंत पडलं तरच संसार, नाहीतर नर दुसऱ्या मादीसाठी पुन्हा कामाला. बहिणाबाईंनी जी सुगरण ओवीत आणली, तिच्या संसाराची ही नोंदवही. पद्मभूषण १९५८, पद्मविभूषण १९७६, राज्यसभेवर नियुक्ती १९८५. १९८७ साली ते गेले. गोव्यात चोडण बेटावरच्या पक्षी अभयारण्याला त्यांचं नाव आहे, औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, तलावाला आहे. २०१६ साली हिमालयात नव्याने ओळखल्या गेलेल्या कस्तुराच्या शास्त्रीय नावातही आहे, ‘झूथेरा सालिमअलीआय’.

त्यांचे भाऊबंद हुमायून अब्दुलअलीही तसेच. बेडकांच्या तंगड्यांची निर्यात थांबावी म्हणून हा गृहस्थ वर्षानुवर्षं सरकारच्या मागे लागला होता. बेडूक गेले की शेतातले किडे वाढतात, हा त्यांचा साधा मुद्दा. मुंबई राज्याचा १९५१ चा वन्य पशुपक्षी संरक्षण कायदा घडण्यात त्यांचा मोठा हात. त्यांच्या नावाची पाटी शोधावीच लागते.

सालिम अलींना महाराष्ट्राने दिलेला सगळ्यात वेगळा मान मात्र २०२० सालचा. त्या वर्षी राज्य सरकारने ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह जाहीर केला. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ नोव्हेंबर सालिम अलींचा. सोलापूरचा अरण्यऋषी आणि पाली हिलचा बोहरी, एकाच आठवड्याच्या दोन टोकांना. सरकारी परिपत्रकं सहसा इतकी नेटकी नसतात.

त्या आठवड्यात बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात सकाळी सहाला फाटकाशी दुर्बिणी लटकवलेली मंडळी जमतात. गोरेगावला, चित्रनगरीला लागून असलेल्या, नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या निसर्ग शिक्षण केंद्रातही शाळांच्या मुलांना घेऊन फेऱ्या निघतात. मुलुंडच्या बाजूनेही डोंगर चढून येणारे असतात. पाऊस नुकताच संपलेला, गवत कमरेपर्यंत, वाटेवर कोळ्यांची मोठाली जाळी. पहिला तास बुलबुल आणि दयाळातच जातो. मग कुणाला तरी पिवळ्या कंठाची एक चिमणी दिसते, अंगाने साधी, नीट बघितलं तरच कंठावरचा ठिपका कळतो, आणि पुढचा माणूस मागच्यांना हाताने थांबवतो.